गिझर बसवण्याआधी अर्थिंग तपासा: ठाणे-नवी मुंबईत नव्याने राहायला आलेल्यांसाठी

साताऱ्याहून नेरूळला आलो तेव्हा आम्ही जुन्या इमारतीत रिसेलचा फ्लॅट घेतला. बाथरूममध्ये गिझर आधीपासून होता, पॉवर पॉईंट होता आणि पॉईंट उघडला की आत अर्थिंगची, म्हणजे गळणारा करंट जमिनीत सोडणारी, हिरवी वायरही दिसायची. तिसऱ्याच आठवड्यात आई म्हणाली, "नळाला हात लावला की झिणझिण्या येतात गं." गिझर बंद होता, त्यामुळे मी तिचं बोलणं फारसं मनावर घेतलं नाही. दोन दिवसांनी ओल्या हाताने मी तोच नळ पकडला आणि हात झटक्यात मागे आला.

पुढचा दीड महिना कुणाला विचारायचं, काय तपासायचं आणि कुणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा, यातच गेला. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. वायर जोडायचं काम तुम्ही स्वतः करू नका. ते परवाना असलेल्या माणसाचंच आहे. पण काम करून घेताना काय मागायचं आणि कशावर "नाही" म्हणायचं, हे घरातल्या एकाला तरी ठाऊक हवं.

हाताशी काय ठेवायचं

- ताजं वीजबिल. त्यावरचा ग्राहक क्रमांक आणि मंजूर भार दोन्ही लागतील.
- सोसायटीला दिलेल्या अर्जाची पोच. मीटर रूममध्ये किंवा राइजरवर (मीटर रूममधून मजल्यांवर जाणाऱ्या उभ्या वायरींवर) काम निघणार असेल तर ती आधीच घ्या.
- इलेक्ट्रिशियनच्या परवान्याची झेरॉक्स.
- गिझरचं वॉरंटी कार्ड आणि माहितीपुस्तिका. किती वॉट आणि किती बार (पाण्याचा दाब), हे आकडे तिथे असतात.
- साधा डिजिटल मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र. तुमच्याकडे नसेल तर येणाऱ्या माणसाकडे असलाच पाहिजे.
- मोबाईल. भिंत बुजवण्याआधी प्रत्येक जोडणीचे फोटो काढा.

१. बिल आणि मीटर रूम बघा

ठाण्याच्या बऱ्याच भागात आणि नवी मुंबईत वीज महावितरणची आहे. कळवा, मुंब्रा आणि शीळ भागात वितरणाचं काम टॉरेंट पॉवर पाहते. बिलावर 'मंजूर भार' असा रकाना असतो. जुन्या फ्लॅटमध्ये तो अनेकदा पहिल्या मालकाच्या काळातलाच असतो, म्हणजे घरात पंखे, दिवे आणि एक फ्रिज एवढंच होतं तेव्हाचा. २ किलोवॉटचा गिझर, एसी आणि इंडक्शन शेगडी जोडणार असाल तर भार वाढवून घ्या. त्यासाठी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो आणि तो देण्यापूर्वी ठेकेदाराला घराची वायरिंग तपासावी लागते. ही तपासणी तुमच्याच कामाची आहे, ती नुसती कागदोपत्री होऊ देऊ नका.

मग मीटर रूममध्ये जा. मीटरच्या पुढची, म्हणजे मीटरपासून तुमच्या घरापर्यंतची वायर ही तुमची जबाबदारी. ती किती जाडीची आहे, तांब्याची आहे की ॲल्युमिनियमची, आणि तिच्यासोबत अर्थची वायर वर गेली आहे का, हे बघून घ्या. आमच्या इमारतीत मीटर रूममध्ये अर्थची पट्टी छान रंगवलेली होती. तिच्यापासून वर जाणारी वायर मात्र काही फ्लॅटना होती आणि काहींना नव्हती.

२. माणूस निवडताना

'गिझर फिटिंगवाला' आणि इलेक्ट्रिशियन ही दोन वेगळी माणसं आहेत. गिझर बसवायला दुकानातून येणारा माणूस बहुतेक वेळा नळजोडणी करतो, प्लग खोचतो आणि निघून जातो. पॉईंटच्या मागे काय आहे ते तो बघत नाही आणि ते त्याचं कामही नाही. आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्रीचा ट्रेड केलेला, परवाना असलेला माणूस शोधा. फोनवर एकच प्रश्न विचारा: "अर्थिंग कसं तपासता?" उत्तर "टेस्टर लावून" असं आलं तर पुढच्या माणसाला फोन करा. टेस्टर फक्त फेज, म्हणजे करंट आणणारी जिवंत वायर, दाखवतो. अर्थिंग आहे की नाही, हे त्याला सांगताच येत नाही.

३. अर्थिंग खरंच जमिनीपर्यंत जातं का

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि लोक नेमकी हीच गाळतात.

अर्थिंग म्हणजे गिझरच्या धातूच्या अंगापासून जमिनीत पुरलेल्या इलेक्ट्रोडपर्यंतची एक अखंड वाट. गिझर, प्लग, सॉकेट, डीबी (घरातली मुख्य स्विचांची पेटी), राइजर, मीटर रूम, अर्थ पिट (इलेक्ट्रोड पुरलेला खड्डा) असे तिचे टप्पे. यातला एक सांधा जरी सुटला तरी बाकीची वायर कितीही जाड आणि कितीही हिरवी असली तरी तिचा उपयोग नाही.

आमच्याकडे हेच झालं होतं. दोन इलेक्ट्रिशियन "अर्थ आहे" म्हणून गेले, कारण पॉईंटमध्ये हिरवी वायर होती. तिसरे सानपाड्याहून आले. वयस्कर गृहस्थ. त्यांनी आधी मल्टिमीटर काढला. फेज आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) यांच्यामध्ये २३० व्होल्ट आले. फेज आणि अर्थमध्येही साधारण तेवढेच यायला हवेत, आले ११८. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट असायला हवेत, तिथे शंभराच्या वर. ते म्हणाले, "ताई, वायर आहे, अर्थ नाहीये." मग डीबी उघडला. घरभरच्या हिरव्या वायरी आत एकत्र पिळून ठेवलेल्या होत्या आणि तो झुबका कशालाच जोडलेला नव्हता.

आता गिझर बंद असताना झिणझिण्या कुठून येत होत्या? वॉशिंग मशीनमधून. वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर यांच्या आत फिल्टर असतो. त्यातले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून यंत्राच्या अंगाला जोडलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर तिथला किरकोळ प्रवाह मुकाट्याने जमिनीत जातो. अर्थ तुटलेला असेल तर यंत्राच्या अंगावर साधारण निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. आमच्या सगळ्या हिरव्या वायरी एकमेकींना जोडलेल्या होत्या, त्यामुळे तो व्होल्टेज गिझरच्या टाकीवर आला, टाकीतून धातूच्या कनेक्शन पाइपवर आणि तिथून नळावर. त्या दिवशी वॉशिंग मशीनमध्ये खरोखर बिघाड असता तर झिणझिण्यांवर भागलं नसतं.

म्हणून मल्टिमीटरचे हे तीन आकडे प्रत्येक पॉवर पॉईंटवर समोर उभं राहून बघा आणि लिहून ठेवा. फेज-अर्थ ११०-१२० च्या आसपास आला तर अर्थ तुटलेला आहे, असंच समजा.

तिन्ही आकडे बरोबर आले तरी काम संपत नाही. मल्टिमीटर नगण्य प्रवाह घेतो, त्यामुळे गंजलेल्या, जेमतेम टेकलेल्या सांध्यातूनही तो सुंदर आकडा दाखवतो. अर्थ पिटचा खरा रोध अर्थ टेस्टरने मोजतात. ही तपासणी सोसायटीने सगळ्या इमारतीसाठी करून घ्यायची असते. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या मीटिंगपर्यंत विरून जातं.

काही इलेक्ट्रिशियन फेज आणि अर्थमध्ये शंभराचा बल्ब लावून बघतात. बल्ब लख्ख पेटला तर अर्थ बरा, मंद पेटला तर कच्चा. पद्धत जुनी आहे, पण त्यात एक धोका आहे. अर्थ तुटलेला असेल तर त्या बल्बमधून घरातल्या सगळ्या 'अर्थ केलेल्या' धातूवर फेज उतरतो. हे चालू असताना फ्रिज, मशीन, नळ कशालाही कुणी हात लावता कामा नये. स्वतः तर हा प्रयोग करूच नका.

अर्थच्या नावाखाली तीन जुगाड चालतात. तिन्ही मी स्वतः पाहिले आहेत:

*न्यूट्रल-अर्थ लूप.* सॉकेटच्या मागे न्यूट्रलमधून छोटी वायर काढून अर्थच्या पिनला जोडतात. मल्टिमीटर लावला तर सगळे आकडे बरोबर येतात, म्हणून हा जुगाड सहज फसवतो. पुढे कधी न्यूट्रलचा सांधा सुटला की गिझरच्या अंगावर थेट २३० व्होल्ट येतात. त्यासाठी गिझर बिघडायचीही गरज नाही. सॉकेट उघडून डोळ्यांनी बघणं, हाच यावर उपाय.

*नळाच्या पाइपला अर्थ.* पूर्वी इमारतीत लोखंडी जीआय पाइप असायचे, तेव्हाची ही सवय. आता बहुतेक इमारतींनी पाइप बदलून सीपीव्हीसी घातले आहेत. प्लास्टिकमधून अर्थ मिळत नाही. आणि मध्ये कुठे जुना लोखंडी तुकडा उरला असेल तर तुमच्या गिझरचा करंट खालच्या घरातल्या नळाला जाईल.

*खिडकीच्या ग्रिलला किंवा स्लॅबच्या सळईला अर्थ.* याबद्दल फक्त "नाही" म्हणायचं.

४. वायर, एमसीबी, स्विच

हा भाग सोपा आहे. गिझरला डीबीपासून स्वतंत्र सर्किट हवं. दुसऱ्या कुठल्या पॉईंटवरून ओढलेली वायर नको.

१५ किंवा २५ लिटरचा साठवणीचा गिझर साधारण २ किलोवॉटचा असतो. २००० भागिले २३० म्हणजे पावणेनऊ ॲम्पियरच्या आसपास. त्याला तांब्याची अडीचची वायर (२.५ चौरस मिमी) आणि १६ ॲम्पियरची एमसीबी (जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारा स्विच). ३ लिटरचा इन्स्टंट गिझर लहान दिसतो, पण तो बहुधा ३ किलोवॉटचा असतो आणि १३ ॲम्पियर घेतो. त्याला चारची वायर (४ चौरस मिमी), २० ॲम्पियरची डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी) एमसीबी, आणि प्लग-सॉकेटऐवजी २० ॲम्पियरच्या डीपी (डबल पोल) स्विचमधून थेट जोडणी मला जास्त भरवशाची वाटते. लहान गिझर म्हणून दीडची वायर चालेल, असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. अर्थची वायरही फेजच्याच जाडीची घ्या. तिथे होणारी बचत अगदी क्षुल्लक आहे.

वायरवर आयएस ६९४ आणि आयएसआय चिन्ह छापलेलं असतं, ते पाहून घ्या. जुन्या ॲल्युमिनियमच्या वायरला नवी तांब्याची वायर नुसती पिळून जोडू देऊ नका. तो सांधा काही महिन्यांत ढिला पडतो आणि तापतो. संपूर्ण लांबी बदला.

रंगांचा एक घोळ इथे होतो. भिंतीतल्या वायरिंगमध्ये लाल, पिवळा, निळा हे फेजचे रंग, काळा न्यूट्रलचा आणि हिरवा अर्थचा. गिझरसोबत येणाऱ्या कॉर्डमध्ये मात्र तपकिरी म्हणजे फेज, निळा म्हणजे न्यूट्रल आणि हिरवा-पिवळा म्हणजे अर्थ. निळा एकीकडे फेज असू शकतो आणि दुसरीकडे तो न्यूट्रल असतो. घाईत इथेच चूक होते. सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की वरचं मोठं भोक अर्थचं, उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल.

स्विच बाथरूमच्या बाहेर हवा आणि तो डबल पोल हवा. साधा स्विच एकच वायर तोडतो. मागे कुणी फेज-न्यूट्रल उलटे जोडले असतील तर साधा स्विच बंद करूनही गिझरच्या एलिमेंटवर फेज राहतो. "आम्ही गिझर बंद करूनच आंघोळ करतो" म्हणणाऱ्या घरांना हे माहीतच नसतं. आत सॉकेट द्यायचंच असेल तर ते उंचावर, शॉवरच्या फवाऱ्यापासून लांब द्या. आणि १६ ॲम्पियरचा प्लग ६ ॲम्पियरच्या सॉकेटमध्ये बसवणारा ॲडॉप्टर घरात असेल तर आजच टाकून द्या.

५. आरसीसीबी (करंटची गळती पकडणारा स्विच): अर्थिंग असलं तरी हवीच

"एमसीबी आहे ना, मग शॉक कसा लागेल?" हा प्रश्न मला आमच्याच मजल्यावरच्या चौघांनी विचारला. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. १६ ॲम्पियरच्या वर प्रवाह गेल्याशिवाय ती हलत नाही. माणसाचा जीव जायला एक दशांश ॲम्पियरसुद्धा पुरतो.

बरं, अर्थिंग आहे म्हणून फॉल्ट झाल्याबरोबर एमसीबी पडेल, याचीही खात्री नाही. समजा, इमारतीच्या अर्थचा रोध १० ओहम आहे. गिझरचं एलिमेंट फुटून फेज टाकीला टेकला तर जास्तीत जास्त २३ ॲम्पियर वाहतील. १६ ची एमसीबी २३ ॲम्पियरला तडकन पडत नाही, पडायला तासभरही घेऊ शकते. तेवढा वेळ नळ जिवंत राहणार.

आरसीसीबी वेगळं काम करते. फेजमधून जेवढा प्रवाह गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, हे ती पाहते. ३० मिलिॲम्पियरचा फरक पडला की क्षणात तोडते. दुकानात तीन गोष्टी स्पष्ट सांगा: ३० मिलिॲम्पियर, डबल पोल आणि आयएसआय चिन्ह. १०० किंवा ३०० मिलिॲम्पियरची आरसीसीबी माणसाला शॉकपासून वाचवण्यासाठी नसते, पण "तीच आहे, चालते" म्हणून हातात ठेवली जाते. डीबीमध्ये जागा कमी असेल तर गिझरच्या सर्किटला एकटा आरसीबीओ लावा. एमसीबी आणि आरसीसीबी दोन्हींचं काम तो एकच करतो.

आरसीसीबी लावल्यावर ती सारखी पडायला लागली तर इलेक्ट्रिशियनला ती काढून टाकू देऊ नका. आमच्याकडे पहिल्या संध्याकाळी ती पाच वेळा पडली. कारण बेडरूमच्या एका पॉईंटचा न्यूट्रल आरसीसीबीला वळसा घालून दुसरीकडून आणला होता. न्यूट्रल-अर्थ लूप असेल तरीही ती अशीच पडते. म्हणजे ती पडते तेव्हा घरातली एक चूक दाखवत असते. चूक शोधायला आमचा आणखी अर्धा दिवस गेला, आणि तो गेला ते बरंच झालं.

६. भिंतीवर चढवताना

२५ लिटरचा गिझर भरला की नुसतं पाणीच २५ किलो. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधे गट्टे-स्क्रू पुरत नाहीत, कंपनीने दिलेले अँकर फास्टनर वापरा. घोडबंदर रोडसारख्या उंच टॉवरांच्या भागात राहत असाल तर ८ बारचा गिझर घ्या. प्रेशर वाल्व्हमधून थेंब पडतात म्हणून त्याचं तोंड कधीही बुजवू नका. जास्तीचा दाब बाहेर जायची ती जागा आहे.

७. पहिल्यांदा सुरू करताना

आधी पाणी, मग वीज. गरम पाण्याचा नळ उघडा आणि हवेचे फटके थांबून अखंड धार येईपर्यंत थांबा. रिकाम्या टाकीत एलिमेंट तापलं तर ते लगेच खराब होतं.

मग आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबा. ती पडलीच पाहिजे. पडली की वर करा आणि गिझर चालू करा. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला २ किलोवॉटला अठरा-वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात प्लग, सॉकेट आणि स्विचला कोरड्या हाताने वरून स्पर्श करून बघा. कोमट लागले तर ठीक. चटका बसत असेल किंवा वास येत असेल तर मेन बंद करा, सांधा ढिला आहे.

इलेक्ट्रिशियन निघायच्या आधी इन्सुलेशनची, म्हणजे वायरच्या आवरणातून गळती नाही ना याची, मेगर टेस्ट करून घ्या आणि तिचा आकडा त्यांच्या सहीने कागदावर घ्या. किमान १ मेगाओहम यायला हवा.

८. झिणझिण्या आल्या तर

"थोडंसंच येतंय" म्हणून एकही दिवस काढू नका, मी काढले ती चूक होती. मेन स्विच बंद करा. गिझर, मशीन सगळ्यांचे प्लग काढा. मेन बंद असूनही नळाला करंट येत असेल तर तो शेजारच्या घरातून किंवा इमारतीच्या राइजरवरून येतो आहे. सेक्रेटरींना उठवा, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात. बाहेरच्या लाइनची शंका असेल तर महावितरणचा १९१२ हा क्रमांक आहे.

कुणी करंटला चिकटलं असेल तर त्या माणसाला हात लावू नका. आधी मेन बंद. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला बाजूला ढकला, मग १०८ ला फोन करा. आमच्या घरात आता आईलाही मेन स्विच कुठे आहे आणि तो कोणत्या बाजूला पाडायचा हे ठाऊक आहे. घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही मी ते दाखवलं आहे.

९. पुढची देखभाल

टेस्टचं बटण दर महिन्याला दाबा. मी बिल भरायच्या दिवशी दाबते, म्हणजे विसरत नाही.

टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल तर एलिमेंटवर क्षार लवकर चढतो, कवच गंजतं आणि एक दिवस फुटतं. अशा घरांनी वर्षातून एकदा टाकी उघडून एलिमेंट आणि (टाकीला गंजण्यापासून वाचवणारा) मॅग्नेशियमचा रॉड बघून घ्यावा. खाडीच्या बाजूला राहणाऱ्यांनी डीबीतल्या आणि मीटर रूममधल्या अर्थच्या नट-बोल्टवर नजर ठेवावी. खारट दमट हवेत ते हिरवे पडतात, मग ढिले होतात. पावसाळा संपला की एकदा घासून, आवळून घ्यायचे.

अर्थ पिटचा रोध माती सुकली की वाढतो, म्हणून सोसायटीला तपासणी एप्रिल-मेमध्येच करायला सांगा. पावसाळ्यात घेतलेला आकडा चांगलाच येतो, त्यावर विसंबू नका. आमच्या इमारतीत पिटवर पेव्हर ब्लॉक घालून पार्किंग केलं होतं, झाकणच सापडत नव्हतं. ते उकरून काढलं, नवा इलेक्ट्रोड घातला, आणि आता वॉचमन उन्हाळ्यात एक दिवसाआड त्यात दोन बादल्या पाणी ओततात. तुमच्या इमारतीत ते झाकण कुठे आहे, हे येत्या रविवारी खाली जाऊन शोधा.